पानात वाढलेला डोंगर

पेरूत लिमाहून कुस्कोला विमानानं सव्वा तासात पोचता येतं, आणि तेवढ्या वेळात माणूस समुद्रकाठावरून ३,४०० मीटर उंचीवर जातो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई चढवलं तरी कुस्कोचा चौक वरच उरतो. उतरल्या उतरल्या श्वास जड होतो, जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागते, आणि मुख्य म्हणजे भूक मरते. तिथली माणसं पाहुण्याला आधी कोकाच्या पानांचा गरम चहा देतात आणि बजावतात, पहिल्या रात्री पोटभर जेवू नका, सूप घ्या आणि पडून राहा. अन्न आणि उंची यांचं नातं असं पहिल्याच दिवशी अंगावर येतं. पुढे त्या मुलखात जे काही खाल्लं, ते सगळं या नात्याभोवतीच फिरत होतं.

पेरूचा नकाशा सपाट कागदावर पाहून फारसं काही कळत नाही. तो उभा धरून पाहावा लागतो. हाविएर पुल्गार विदाल या तिथल्या भूगोलतज्ज्ञानं १९४०च्या सुमारास देशाचे आठ नैसर्गिक प्रदेश मांडले. समुद्र, डोंगर, जंगल ही गोऱ्या लोकांनी केलेली ढोबळ वाटणी त्याला पटत नव्हती. त्यानं डोंगरातल्या लोकांच्या तोंडची नावं घेतली आणि उंचीप्रमाणे देशाचे थर लावले. खाली किनाऱ्याचा चाला, तिथे मासळी. त्यावर युंगा, तिथे लुकुमा, चेरिमोया अशी फळं. २,३०० मीटरनंतर केचुआ, म्हणजे मक्याचा मुलूख. ३,५०० नंतर सुनी. तिथे बटाटा, ओका, किन्वा, तारवी. ४,००० च्या वर पुना. तिथे कडू बटाटे आणि लामा-अल्पाकांचे कळप. त्यावर बर्फाची हंका. मग डोंगर ओलांडून पूर्वेला उतरलं की कोको आणि कोकाचा रुपा-रुपा, आणि शेवटी ॲमेझॉनचं ओमाग्वा, जिथे कसाव्याचे कंद आणि माणसाएवढे मासे. एका देशात इतकी वेगवेगळी शेतं, आणि त्यातली कित्येक एकमेकांपासून दोन दिवसांच्या चालीवर.

या थरांवर लोकांनी समाज कसा उभारला, हे जॉन मुरा या मानववंशशास्त्रज्ञानं १९७२ साली एका गाजलेल्या लेखात मांडलं. एकाच गोतावळ्यातली काही माणसं वर कळपांपाशी राहायची, काही मधे मक्यापाशी, काही खाली कोकाच्या मळ्यात, आणि सगळ्यांचं पिकलेलं सगळ्यांच्या घरी जायचं. एखाद्या थरावर गारपीट झाली, पाऊस रुसला, तरी बाकीचे थर घर तारून न्यायचे. मला वाटतं, इंकांच्या मोठमोठ्या भिंतींपेक्षा ही व्यवस्था जास्त थक्क करणारी आहे. भिंती पाहायला जग जातं. ही व्यवस्था मात्र तोंडात घास घेतल्याशिवाय कळत नाही.

तो घास जगापुढे ठेवण्याचं काम गेल्या काही वर्षांत तिथल्या एका स्वयंपाकघरानं केलं. विर्हिलियो मार्तिनेस यानं २००८ साली लिमात सेंट्रल हे रेस्टॉरंट काढलं. त्याची पत्नी पिआ लेओन त्याच स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि आज ती स्वतः नावाजलेली शेफ आहे. २०१३ साली त्यांनी मातेर नावाचा संशोधनाचा उपक्रम सुरू केला. त्याचं काम विर्हिलियोची बहीण मालेना पाहते, जी शिक्षणानं डॉक्टर आहे. ही मंडळी डोंगरात, जंगलात हिंडायची, काय उगवतं, कोण खातं, कसं शिजवतं ते टिपून आणायची. त्यातून सेंट्रलचा मेनू तयार झाला. प्रत्येक पदार्थासमोर मीटरमध्ये उंची लिहिलेली. समुद्राच्या पाण्याखालून सुरुवात, मग वर पुना, मग एकदम ॲमेझॉन. २०२३ साली जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत सेंट्रल पहिलं आलं. त्याआधी, २०१८ साली, या मंडळींनी कुस्कोच्या पठारावर, मोरायच्या इंकाकालीन पायऱ्यांच्या शेजारी, मिल नावाचं दुसरं रेस्टॉरंट उघडलं होतं. आम्ही जेवलो ते तिथे.

टेस्टिंग मेनू या प्रकाराबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडेही आता तो बऱ्याच ठिकाणी दिसू लागला आहे. तिथे तुम्ही काही निवडत नाही. स्वयंपाकी ठरवतो काय वाढायचं, कुठल्या क्रमानं, किती. लहान लहान बशा एकामागून एक येतात. दोनतीन तास लागतात. बिल मोठं असतं. हा सगळा मामला ज्यावर उभा असतो ती गोष्ट एकच: वाढणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही आहे का? नसेल तर तो खर्च वाया आहे. कोकणात समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात आम्हाला ‘स्थानिक चवींचा’ असा मेनू वाढला गेला होता. केळीची पानं होती, नारळाच्या करवंट्या होत्या, मातीची बोळकी होती. भात मात्र बासमतीचा. सोलकढी बाटलीतल्या आगळाची. मासा कुठल्या बंदराचा, असं विचारलं तर वाढणारा मुलगा बिचारा गोंधळला, कारण त्याला कोणी ते सांगितलंच नव्हतं. बाहेर अर्ध्या कोसावर बाया लाल पटणी तांदूळ विकत बसल्या होत्या. त्या दिवशीचा राग माझ्या मनात अजून आहे. स्थानिक म्हणून जे वाढायचं त्याचा धागा जमिनीपर्यंत गेलाच पाहिजे. मधे तुटला तर ते फक्त सजवलेलं ताट.

मोरायला कुस्कोहून मोटारीनं जावं लागतं. सुगीचे दिवस होते. पठारावर सोनेरी गव्हाळ रंगाची शेतं, लांबवर बर्फाची शिखरं, आणि मधेच जमीन एकदम खाली उतरते. गोल गोल पायऱ्यांची एक प्रचंड खोल वाटी, सर्वात मोठी जवळजवळ ३० मीटर खोल. वरच्या आणि खालच्या पायरीच्या तापमानात बराच फरक पडतो, आणि त्यावरून अनेक अभ्यासक मानतात की इंका इथे वेगवेगळ्या उंचीची पिकं लावून पाहत असावेत. सगळ्यांनाच हे मत मान्य नाही. पण त्या काठावर उभं राहून खाली पाहताना मला ते पटावंसं वाटलं. हवा, ऊन आणि उतार यांच्याशी इतकी ओळख असलेली माणसं आणखी काय करत असतील?

मिल ही मातीच्या विटांची बुटकी इमारत आहे, वर इचू गवताचं शाकारलेलं छत, मधे चौक. संध्याकाळी ती बंद असते. जेवण फक्त दुपारचं. आठ भाग, त्यांना ते ‘मोमेंतोस’ म्हणतात, आणि प्रत्येक भाग डोंगराच्या एका थराचा. पहिल्या बशीत काळपट, वेडेवाकडे, पापडासारखे कुरकुरीत तुकडे होते आणि शेजारी उचुकुता नावाची हिरवट तिखट चटणी. तुकडे चुन्योचे, म्हणजे गोठवून वाळवलेल्या बटाट्याचे. मी एक मोडला, त्याला थोडा मातकट वास होता, थोडा जुन्या कोठारासारखा. उचुकुता मिरची आणि वाकाताय नावाच्या रानपाल्याची. एरवी ती सपाट दगडावर दुसरा अर्धगोल दगड डुलवत वाटतात. तिखट आधी जिभेवर आलं नाही, घशात आलं, आणि मग पाल्याचा गंध नाकात उरला. दुसऱ्या कुठल्या बशीत मका होता, पांढरे टपोरे दाणे आणि जांभळ्या ठिपक्यांचे पिस्कोरुंतोचे. एका बशीत कुशुरो होता, उंचावरच्या तळ्यांत वाढणाऱ्या शेवाळाचे हिरवे मणी, दाताखाली फुटले की नुसतं पाणी. तारवी होती, जिचे दाणे इतके कडू की वाहत्या पाण्यात कित्येक दिवस भिजवल्याशिवाय तोंडात घालता येत नाहीत. शेवटी कोको, डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचा. सगळं चवदार होतं असं मी म्हणणार नाही. कुशुरोला चव अशी नाहीच. पण एकही बशी अशी नव्हती जिच्याबद्दल वाढणाऱ्या मुलीला काही सांगता आलं नाही. कुठल्या उंचीवरचं, कोणाच्या शेतातलं, कोणत्या महिन्यात निघतं, आजी ते कसं करते. तिची आजी जवळच्याच गावात राहत होती.

मधल्या एका बशीवर पांढऱ्या फुललेल्या बारीक दाण्यांचा थर होता. मुलीनं सांगितलं, किविचा. माझ्या बायकोनं चिमटीत थोडे दाणे घेतले, तळहातावर ठेवले, एक चावून पाहिला.

“अहो, या तर राजगिऱ्याच्या लाह्या आहेत.”

तिच्या माहेरी एकादशी कधी चुकली नाही, आणि ती आजही चुकवत नाही. मग तिनं त्या मुलीला आपलं उपासाचं ताट समजावून सांगायला सुरुवात केली. साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. बटाट्याची भाजी. उकडलेलं रताळं. राजगिऱ्याचा लाडू. सांगता सांगता ती थांबली, कारण आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं की यातलं प्रत्येक पीक समुद्रापलीकडून, याच खंडातून आपल्याकडे आलेलं. साबुदाणा ज्याचा करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा इथला, मिरची इथली, बटाटा तर याच डोंगरांतला. रताळं आणि राजगिरा अमेरिकेच्याच मातीतले. उपासाच्या ताटात आपल्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा भगर, दूध, तूप, जिरं अशा मोजक्याच गोष्टी उरतात. पोर्तुगीज जहाजांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही पिकं आपल्या किनाऱ्याला लावली. ती आपल्या जुन्या धान्यांच्या यादीत नव्हती, म्हणून त्या दिवशी चालतात असं ठरलं असावं. आणि आज विठ्ठलाच्या नावानं जे पोटात जातं ते अमेरिका खंडातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं निवडत, वाढवत आणलेलं आहे. त्या मुलीला पंढरपूर माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती म्हणाली, हे आजीला सांगायला हवं, की दूरच्या देशात आमचा बटाटा देवाच्या दिवशी खातात.

शेंगदाण्याचं म्हणाल तर त्या देशात तो राजाच्या गळ्यात होता. उत्तर पेरूत सिपानला १९८७ साली वाल्तेर आल्वा या पुरातत्त्वज्ञानं मोचे संस्कृतीतल्या एका अधिपतीची अभंग कबर उघडली. त्याच्या अंगावरच्या दागिन्यांत भुईमुगाच्या मोठ्या शेंगांची माळ होती, एका बाजूला सोन्याच्या, दुसऱ्या बाजूला चांदीच्या. शेंगेवरची जाळी, मधली चिमट, सगळं सोनारानं हुबेहूब उतरवलं आहे. लांबायेकेच्या संग्रहालयात ती माळ आहे. रानात उपटून, माती झटकून आपण ज्या शेंगा भाजतो त्यांना इतका मान देणारे लोक होते, हे आपल्या सोलापूर-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांना कोणी तरी सांगायला हवं.

पण मला थांबायचंय ते चुन्योपाशी. बटाट्याला पाणी फार, तो सडतो. पुनाच्या पठारावर राहणाऱ्यांनी यावर उपाय काढला, त्यासाठी त्यांच्याकडे जे होतं तेच वापरलं: रात्रीची थंडी, दुपारचं ऊन आणि स्वतःचे पाय. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो. तेव्हा लहान कडू बटाटे मोकळ्या जमिनीवर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा सुटतात. काही रात्री गेल्या की त्यांचे ढीग करून बायामाणसं अनवाणी पायांनी तुडवतात; पाणी निथळतं, साल सुटते. मग कडक उन्हात वाळवायचे. काळा चुन्यो झाला. पांढरा हवा असेल, ज्याला कुस्कोकडे मोराया म्हणतात, तर गोठलेले बटाटे वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचे. कडूपणा आणि त्यातलं विष दोन्ही जातं. असा वाळलेला बटाटा वर्षानुवर्षं टिकतो, वजनाला हलका, लामाच्या पाठीवर कुठेही नेता येतो. इंकांच्या कोठारांत तो भरलेला असायचा. पुढे स्पॅनिश राजवटीत पोतोसीच्या चांदीच्या खाणींत राबणारे मजूर त्याच्यावरच जगले, आणि तो तिथे नेऊन विकणारे व्यापारी गबर झाले.

कडू बटाट्याची आणखी एक युक्ती आहे, ती चाको नावाच्या मातीची. ही खायची चिकणमाती पाण्यात कालवून तिच्यात बटाटा बुडवून खातात. ती माती बटाट्यातलं विष धरून ठेवते, म्हणून पोट बिघडत नाही. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत हे तपासून पाहिलं आहे. म्हणजे ज्या वाणाला दुसरा कोणी हात लावला नसता तो अन्नात आणला गेला, कारण गारठ्यात तोच तग धरत होता. हे कोणी शोधलं, कोणी पहिल्यांदा चाखलं, किती पोरं आजारी पडली, याची कुठेही नोंद नाही. त्या बायांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

आणि हाच चुन्यो लिमातल्या बऱ्याच घरांत कित्येक पिढ्या हलका मानला गेला. डोंगरातल्या गरीब इंडियनांचं खाणं, पाहुण्यांपुढे न ठेवण्याचं. मोठ्या शहरात हॉटेल काढायचं तर फ्रेंच पदार्थ शिकायचे, अशी रीत होती. गास्तोन आकुरियोनं १९९४ साली लिमात रेस्टॉरंट काढलं तेव्हा त्याचीही सुरुवात फ्रेंच पद्धतीनंच झाली. पुढे त्यानं वळून आपल्या मातीकडे पाहिलं, आणि त्याच्या मागून एक सबंध पिढी वळली. मार्तिनेस त्याच पिढीतला. एखाद्या समाजाला आपल्याच अन्नाची लाज वाटणं ही साधी गोष्ट नसते, आणि ती लाज घालवणं हे मोठं काम आहे. आपल्याकडे नाचणीची भाकरी कुळवाड्याची आणि पोळी पाहुण्यांची, ही वाटणी मी घरात पाहिलेली आहे.

आता बिलाचं. आम्हा दोघांच्या त्या जेवणाच्या पैशांत पुण्यातल्या चौकोनी कुटुंबाचा दोनतीन महिन्यांचा किराणा सहज आला असता. डोंगरातल्या गरिबाचं खाणं परदेशी पाहुण्यांना एवढ्या भावानं विकायचं, हे बरोबर आहे का? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. माझं उत्तर असं: त्या पैशाचा काही भाग शेतापर्यंत पोचत असेल आणि शेतकऱ्याचं नाव ताटासोबत येत असेल, तर मला तो खर्च पटतो. मिलच्या शेजारची जमीन मिस्मिनाय आणि काक्याराकाय या दोन गावच्या लोकांबरोबर कसली जाते. तिथे काय लावायचं ते ठरवताना गावच्या जाणत्यांना विचारतात. म्हणून मी ते पैसे आनंदानं दिले. तरीही ते रेस्टॉरंट उद्या बंद पडलं तर बटाटा टिकेल. बटाटा लावणारे उठले तर मात्र रेस्टॉरंट एक दिवस टिकणार नाही. मान कोणाला किती द्यायचा ते यावरून ठरवावं.

खरी राखण कुठे चालते ते पाहायचं तर पिसाकजवळच्या ‘पार्के दे ला पापा’ला, बटाट्याच्या उद्यानाला जावं. उद्यान म्हटलं तरी कुंपण नाही. काही केचुआ गावांनी मिळून हजारो हेक्टर डोंगर सांभाळायचा ठरवलेला आहे, आणि तिथे हजाराहून जास्त वाण लावले जातात. अँडीजमधल्या खाण्याच्या बटाट्याच्या वाणांची मोजदाद ४,००० च्या वर जाते. त्यातले कितीतरी लिमातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात जतन केलेले आहेत. १९७१ साली हे केंद्र सुरू झालं. २००४ साली या गावांनी केंद्राशी करार केला आणि पूर्वी इथून नेलेले, मधल्या काळात शेतांतून नाहीसे झालेले चारशेहून अधिक वाण परत मागून घेतले. शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना त्यांचं बियाणं परत दिलं, असं जगात फार ठिकाणी घडलेलं नाही. मात्र काळजीही आहे. हवा तापते आहे, कीड वर सरकते आहे, आणि जुने वाण दरवर्षी थोडे आणखी उंचावर लावावे लागत आहेत. डोंगराला शेंडा असतो. त्याच्या वर शेत नाही.

मिलच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी आम्हाला आणखी एक जेवण मिळालं, त्याला मेनू नव्हता. आमच्या मोटारवाल्याच्या मावशीच्या शेतात बटाटे काढणं चालू होतं, मारासच्या अलीकडे. त्यानं आम्हाला नेलं. शेताच्या कडेला दोघं जण कोरड्या ढेकळांचा घुमट रचत होते, गुडघ्याएवढा, खाली तोंड ठेवलेला. त्याला वातिया म्हणतात. आत काटक्या आणि वाळकं शेण पेटवलं. आपल्याकडे हुरड्याच्या आगटीभोवती जशी सगळी बसतात तशी तिथली माणसं भोवती टेकली. ढेकळं तापून आतून लालसर झाली. मग राख थोडी बाजूला सारून मावशीनं नुकतेच काढलेले बटाटे आत सोडले, धुतलेले नाहीत, नुसते चोळलेले. काही जांभळे, काही लाल, एक तर अननसासारखा गाठीगाठींचा. आणि मग एकानं लाथ मारून घुमट आत पाडला. तापलेली माती बटाट्यांवर कोसळली. वरून आणखी माती ओढली.

सोलायला घेतले तेव्हा बोटं भाजत होती. साल काळी पडून आपोआप निघत होती, आतला गर कोरडा, पिठूळ, पिवळा, त्याला धुराचा आणि ओल्या मातीचा वास. जांभळ्या बटाट्याच्या आत पांढरी चकती होती, कापली की फुलासारखी दिसायची. सोबत तीच उचुकुता, इथे दगडी वाडग्यात, हातानं घ्यायची, आणि ओलसर चीजचा तुकडा. मीठ मारासच्याच खारट झऱ्याचं, जिथे डोंगरउतारावर हजारो लहान वाफे आहेत आणि गावातली घरं पिढ्यानपिढ्या आपापले वाफे राखतात. मावशीनं मक्याच्या आंबट चिचाचा पेला भरला, पिण्याआधी थोडी जमिनीवर सांडली. पृथ्वीचा वाटा आधी. आदल्या दिवशीच्या बशीतला बटाटा आणि हा बटाटा एकाच पठारावरचे. चवीचा निवाडा कराल तर शेतातला जास्त चांगला होता. पण आदल्या दिवशी ती मुलगी थर समजावून सांगत नसती, तर मी शेतात नुसता गरम बटाटा खाल्ला असता, थराथरांचा मुलूख खाल्ला नसता. म्हणून दोन्ही जेवणं करावीत असं माझं मत आहे, आणि शक्य असेल तर याच क्रमानं.

दोन्हींतलं एकही जमलं नाही तरी कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात दुपारचा साधा ‘मेनू’ मिळतो: सूप, एक मुख्य पदार्थ, पेलाभर सरबत. थोड्या सोल्समध्ये पोट भरतं. बटाट्यांच्या ओळीत जाऊन नावं विचारली तर विकणाऱ्या बाया मनापासून सांगतात.

परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात आपला सह्याद्री होता. तो अँडीजएवढा उंच नाही, पण उभा तर आहे. वेंगुर्ल्याच्या खाडीतली मासळी आणि लाल भात, मग आजऱ्याचा घनसाळ, घाटमाथ्यावरची नाचणी आणि वरई, पावसाळ्यात चार दिवस येऊन जाणाऱ्या रानभाज्या, मग खाली देशावर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी. किनाऱ्यापासून पठारापर्यंत एका दिवसात ओलांडता येईल असा हा मुलूख, आणि त्याचं एक ताट अजून कोणी मांडलेलं मी पाहिलेलं नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीत २०१६ साली मास्क हे रेस्टॉरंट सुरू झालं. देशभरातल्या जिनसांचा टेस्टिंग मेनू तिथे वाढला जातो, आणि तो दमदार आहे. पण एका डोंगररांगेचं, तिच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचं, तिच्याच शेतकऱ्यांच्या नावानं वाढलेलं ताट हवं आहे. त्यासाठी लागणारं बियाणं अजून जिवंत आहे. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे, भाताचे, नाचणीचे गावठी वाण घरोघर हिंडून जमवले, राखले, वाटले. २०२०च्या पद्म पुरस्कारांत त्यांचं नाव आलं. त्यांना शाळेत जायला मिळालं नव्हतं. बियाणं मडक्यात राखेत कसं ठेवायचं ते त्या वडीलधाऱ्यांकडून शिकल्या. कोणा तरुण मराठी शेफनं त्यांच्यासारख्या बायांच्या ओसरीवर एक सबंध पावसाळा बसावं, ऐकावं, आणि मग शहरात येऊन चूल पेटवावी. बिल मोठं लावलं तरी चालेल, मी पहिल्या पंगतीला येईन. फक्त वाण कोणत्या गावचा आणि कोणी राखला, ते वाढणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. राज्याचा कृषी विभाग दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. डोंगरातल्या बाया करटोली, कुर्डू, टाकळा, भारंगी, जे हाताला लागेल ते खुडून आणतात, आणि ते कसं करायचं तेही सांगतात. तुमच्या जिल्ह्यातला महोत्सव कधी आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, सकाळी लवकर जा, भाव करू नका, आणि भाजीसोबत ती करायची रीतही मागून घ्या.